शंकरपाळ्याची चरबी होते ती कशी?

पावसाळा सरला की भाईंदरजवळच्या उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील सुकू लागतात. जबड्यात जबडा अडकवलेली दोन-दोनची जोडी. ताज्या बोंबलात बहुतेक पाणीच, चरबी नावापुरती. बांगडा मात्र तव्यावर स्वतःचं तेल सोडतो. मीरा-भाईंदरच्या घराघरांत याच दिवसांत दिवाळीचे शंकरपाळे, अनारसे होतात. मग वजन वाढलं की खापर तेलातुपावर फुटतं. मैदा, तांदूळ, गूळ, साखर नामानिराळे राहतात.

शरीर त्यांना इतक्या सहजी सोडत नाही. साखरेपासून ते स्वतः मेदाम्लं, म्हणजे चरबीचे घटक, घडवतं, मुख्यतः यकृतात. पेशीतल्या तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) साखरेपासून दोन कार्बनचा तुकडा बनतो : अ‍ॅसिटिल-कोए. त्याला तिथलं आवरण ओलांडता येत नाही, म्हणून सायट्रेटच्या वेषात तो बाहेर निसटतो. बाहेर बायोटिनच्या मदतीने त्याला आणखी एक कार्बन चिकटतो आणि मॅलोनिल-कोए तयार होतो. पुढच्या प्रत्येक फेरीत साखळी दोन कार्बनांनी वाढते, तो चिकटवलेला कार्बन मात्र कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. सात फेऱ्यांनंतर हाती येतं १६ कार्बनचं पामिटिक आम्ल. खर्च ७ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) आणि १४ एनएडीपीएच (हायड्रोजन पुरवणारा रेणू).

हा मार्ग विसाव्या शतकाच्या मध्यावर उलगडला. मेदाम्लं जळतात त्याच वाटेने उलटी बनत असावीत, असा समज होता. १९५०च्या दशकाअखेर जीवरसायनशास्त्रज्ञ सालिह वकील यांच्या प्रयोगशाळेने बायकार्बोनेटची गरज आणि मॅलोनिल-कोए दाखवून तो खोडला. कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांवरील कामासाठी फेओडोर लायनन व कॉनराड ब्लॉख यांना १९६४चं नोबेल मिळालं.

या कारखान्याची कळ इन्सुलिनच्या हाती असते. जेवण झालं की इन्सुलिन वाढतं आणि काम सुरू होतं. उपाशीपोटी ग्लुकागॉन ते थांबवतं. शिवाय मॅलोनिल-कोए मेदाम्लांना तंतुकणिकेत जळायला जाऊ देत नाही. निरोगी माणसात हा कारखाना मंदच चालतो. पोटावरची चरबी बहुतेक ताटातल्या तेलातुपाचीच असते, कारण मैदा-साखर आधी जळते आणि स्निग्धांश शिल्लक उरतो. मेदयुक्त यकृताच्या रुग्णांत मात्र चित्र पालटतं : २००५च्या एका अमेरिकी अभ्यासात त्यांच्या यकृतातल्या चरबीपैकी सुमारे २६ टक्के तिथेच घडलेली आढळली.

आपल्यासाठी पुण्यात झालेलं संशोधन महत्त्वाचं. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळांशी ताडून पाहिली. इथल्यांचं सरासरी वजन २.७ किलो, तिथल्यांचं ३.५. इथल्या बाळांत स्नायू कमी, त्वचेखालची चरबी मात्र बऱ्याच अंशी टिकलेली. सडपातळ दिसणारा माणूस निर्धास्त असतोच असं नाही, ते यामुळे.

एवढा हुशार कारखाना, पण दोन मेदाम्लं त्याला जमत नाहीत, ती ताटातूनच घ्यावी लागतात : लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक. पहिलं करडई-सूर्यफुलाच्या तेलात, दुसरं जवसात. बांगड्यातलं ओमेगा-३ही मूळचं समुद्री शैवालातलं. म्हणून या दिवाळीत शंकरपाळ्यांचा डबा लवकर बंद करा, जवसाची चटणी वाटा आणि बाजारात बांगडा दिसला तर घेऊनच या.