चारशे रुपयांची तीस वर्षे

1 जुलै 1989 रोजी मोटार वाहन कायदा अमलात आला आणि 1 जुलै 2024 रोजी भारतीय न्याय संहिता. नव्या संहितेने निष्काळजीपणाने मृत्यू घडवणाऱ्याची कैद पाच वर्षांपर्यंत नेली. 1870 पासून ती दोन वर्षे होती. पण कुणी मेले नाही, नुसतीच बेदरकार गाडी हाकली, तर? सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. 1860 च्या संहितेतही हजारच लिहिले होते. सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर गेलेल्या तरण्याताठ्या पोरांना ज्यांनी खांदा दिला, त्यांना हा आकडा झोंबतो.

1989 मध्ये अमलात आलेल्या मोटार वाहन कायद्याने वेगमर्यादा मोडणाऱ्याला पहिल्या वेळी चारशे रुपयांपर्यंत दंड ठेवला, पुन्हा सापडल्यास हजार. नव्वदचे दशक त्यावर निभावले. यामाहाची वेगवान आरएक्स 100 गावात एखाददुसऱ्याकडे असे, तिचे उत्पादन 1996 मध्ये थांबले, आणि घरोघरी आली ती शांत, काटकसरी स्प्लेंडर.

सारे बदलले ते पुढच्या दहा वर्षांत. 2001 च्या अखेरीस पल्सर आली, ‘डेफिनेटली मेल’ अशी जाहिरात मिरवत. 2004 मध्ये ‘धूम’ चित्रपट आला. त्याच सुमारास पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी होत गेला आणि कराड, कासेगाव, पेठ नाका या पट्ट्यातल्या पोरांच्या हाती सरळसोट डांबर आले. ऊसबिल जमा झाले की गाडीचा हट्ट, बिल पुरले नाही तर पतसंस्थेचे कर्ज. कराडचे विद्यानगर, सांगलीचे विश्रामबाग, साताऱ्याहून कासला चढणारा यवतेश्वर घाट: कॉलेज सुटल्यावर कुठे एक्सलेटर पिळला जाणार, हे भागातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. चौकातल्या ज्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा झळकत, तिथेच काही महिन्यांनी त्याच फोटोखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लागे.

या दशकाचा हिशेब मांडताना एक गोष्ट झाकता येत नाही. पोलिसाने गाडी अडवली की पोरगा आधी खिशातला मोबाइल काढायचा. पलीकडून कुणी दादा, कुणी आबा बोलायचे, ‘आपलाच पोरगा आहे, सोडा.’ चारशे रुपयांची पावतीसुद्धा फाटायची नाही. ज्यांनी असे फोन केले, त्यांनी त्या पोरांचे काहीच भले केले नाही. पुढे तोच पोरगा दुभाजकावर आदळून गेला, तर गुन्हा मयत चालकावरच नोंदवला जाई आणि ‘अबेट समरी’ होऊन कागद बंद होई. त्याच्यावरची पहिली खरी कारवाई त्याच्या मृत्यूनंतर होत होती.

2010 नंतरची वर्षे बैठकांची आणि परिपत्रकांची. त्यातले एकच मोलाचे: सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 मध्ये सांगितले की अतिवेगासाठी परवाना किमान तीन महिने निलंबित करा. 2019 मध्ये केंद्राने दंड वाढवले, पण निवडणूक तोंडावर असलेल्या महाराष्ट्राने ते रोखले आणि डिसेंबर 2021 मध्ये लागू केले. कायद्यातला चारशेचा आकडा तोवर तीस वर्षे टिकला होता. देशात 2022 साली रस्त्यांवर 1,68,491 माणसे गेली, त्यांतली सुमारे 45 टक्के दुचाकीवरची. दहापैकी सात मृत्यूंमागे अतिवेग होता.

मग न्याय्य शिक्षा कोणती? निव्वळ पैशाची नव्हे. एमआयडीसीत रोजंदारी करणाऱ्याला हजार रुपये जड जातात, बागायतदाराच्या मुलाला ते जाणवतही नाहीत. फिनलंडमध्ये दंड मिळकतीवर ठरतो. तिथे नोकियाच्या एका संचालकाला 50 च्या हद्दीत 75 च्या वेगाने हार्ले-डेव्हिडसन चालवल्याबद्दल 1,16,000 युरो दंड झाला होता. अपिलात तो कमी झाला, तरी तत्त्व राहिले. आपल्याकडे मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेने मोटारसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांना चिरडले, आणि अल्पवयीन आरोपीला आधी जामीन मिळाला तो तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर. लोक संतापले ते योग्यच होते. पण तो संताप प्रेत पडल्यावरचा होता. घाटात शंभरच्या वेगाने वळण घेणाऱ्या दोघांपैकी एक सुखरूप घरी पोचतो, दुसरा समोरच्या आजोबांना उडवतो; बेदरकारी दोघांची सारखीच. शिक्षा त्या बेदरकारीला हवी, आणि ती परवाना काढून घेण्याचीच हवी, कारण गाडीविना काढलेले तीन महिने श्रीमंताच्या पोरालाही तितकेच लांब वाटतात.

त्यासाठी नवा कायदा नको; अधिकार आहेतच. सातारा, कराड आणि सांगलीच्या परिवहन कार्यालयांनी अतिवेगासाठी वर्षभरात किती परवाने निलंबित केले, तो आकडा दर 1 जुलैला जाहीर करावा. आणि गावच्या दादा-आबांनी तेवढा एक फोन करू नये.