सोयाबीन आणि स्त्रीचे शरीर

झाशीच्या सदर बाजारात किराण्याच्या दुकानी सोयाबीनच्या वड्या आज डाळींच्या शेजारी मांडलेल्या दिसतात. बुंदेलखंड, माळवा, विदर्भ, मराठवाडा या मुलुखांत हे खरिपाचे पीक आहे. दाण्यात प्रथिने शेकडा ४० च्या आसपास असल्यामुळे काटकसरी गृहिणीला ते जवळचे वाटावे, यात नवल नाही. तथापि तिच्या मनात एक शंकाही असते. सोयाबीनमध्ये म्हणे स्त्री-संप्रेरक असते. मग ते वयात येणाऱ्या मुलीला किंवा सुनेला बाधणार तर नाही? उलट, कोणी ऋतुनिवृत्त स्त्रियांना तेच औषध म्हणून सुचवितात. या भीतीत आणि या आशेत तथ्य किती?

शंका अगदीच निराधार नाही. आपल्या बरसीमच्या कुळातील एका क्लोव्हरवर चरणाऱ्या मेंढ्यांना वांझपण येते, असे १९४६ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात प्रसिद्ध झाले. त्या चाऱ्यात आयसोफ्लेव्होन वर्गातील द्रव्ये होती. त्याच वर्गातील जेनिस्टीन व डेडझीन सोयाबीनमध्ये आहेत. पण मेंढी दिवसभर तोच चारा खाते, आपल्या ताटात मात्र एखादी वाटी असते.

शिवाय ही द्रव्ये म्हणजे इस्ट्रोजेन नव्हे. ती केवळ त्याच्यासारखी दिसतात. रजेवर गेलेल्या अधिकाऱ्याच्या खुर्चीवर हंगामी कारकून बसावा, तशी ती पेशींतील इस्ट्रोजेनच्या जागी बसतात. मात्र त्यांचा अधिकार फार तोकडा असतो. खऱ्या इस्ट्रोजेनचे काम संपल्यावर यकृत त्याचे रूपांतर करते व ते मूत्र आणि पित्त यांवाटे बाहेर पडते. सोयाबीनमुळे हे रूपांतर थोड्या निराळ्या वाटेने होते काय, याविषयी प्रयोगांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. रक्तातील प्रमाणाविषयी मात्र २००९ साली ४७ प्रयोगांचा एकत्र आढावा घेण्यात आला. ऋतुमती स्त्रियांत बीजकोशाला चालना देणारी दोन संप्रेरके सुमारे पाचव्या हिश्शाने घटली आणि पाळीचे चक्र साधारण एका दिवसाने लांबले. इस्ट्रोजेनमध्ये मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. ऋतुनिवृत्त स्त्रियांतही तो आढळला नाही.

परिणाम सर्वांवर सारखा का होत नाही? याचे एक कारण आतड्यात आहे. तेथील काही जंतू डेडझीनपासून इक्वॉल नावाचे अधिक प्रभावी द्रव्य बनवितात; पण असे जंतू प्रत्येकीच्या आतड्यात नसतात. म्हणून शेजारणीला जे मानवले, ते आपल्यालाही तसेच मानवेल असे नाही.

स्तनाच्या कर्करोगाची धास्ती घेतलेल्यांसाठीही एक दिलासा आहे. शांघायमध्ये त्या रोगातून उठलेल्या ५०४२ स्त्रियांच्या २००९ च्या पाहणीत, सोयाबीन अधिक खाणाऱ्यांत रोग उलटण्याचे प्रमाण कमीच आढळले. यावरून सोयाबीन हे औषध ठरत नाही, पण ते विषही नाही. ज्या रुग्णांवर उपचार चालू आहेत, त्यांनी आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. थायरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्यांनी त्या सोयाबीनबरोबर घेऊ नयेत, कारण त्यामुळे गोळीचे शोषण कमी होते.

एरवी आमटीत, भाजीत किंवा पिठात घातलेले सोयाबीन हे अन्न आहे, आणि अन्नाप्रमाणेच त्याचे माप असावे. गृहिणीने ते निःशंकपणे खावे. आपल्या घासाला घाबरून उपाशी राहणाऱ्या स्त्रीचे जे नुकसान होते, ते या दाण्यातील कोणत्याही द्रव्याने होणाऱ्या नुकसानापेक्षा मोठे असते.