ट्रॉलीचा मागचा दिवा का मिणमिणतो?

धानाची मळणी आटोपली की आरमोरीहून ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर पोत्यांनी लादलेल्या ट्रॉल्या दिसू लागतात. अंधार पडला की एखादीचा मागचा दिवा वेगळाच खेळ मांडतो. ड्रायव्हर डावा इंडिकेटर देतो, आणि ब्रेकचा दिवाही त्याच तालावर लुकलुकतो. बल्ब बदलला तरी तेच.

दोष बहुधा अर्थिंगचा असतो.

ट्रॅक्टरची बॅटरी 12 व्होल्टची. तिची वीज सात पिनांच्या सॉकेटमधून ट्रॉलीत जाते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पिवळी तार डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, तांबडी ब्रेकची. पांढरी अर्थची, म्हणजे वीज परतण्याची. ही पांढरी जोडलीच नाही, तर परतीचं काम हुकाच्या लोखंडावर येऊन पडतं. स्वच्छ लोखंड ते निभावतंही. पण बांधीतला चिखल आणि गंज मध्ये आला, की वीज शेजारच्या बल्बच्या तारेतून आडवाट काढते. लुकलुक होते ती यामुळेच.

21 वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर वीज ओढतो. परतीच्या वाटेत जेमतेम एक ओहमचा अडथळा आला, तरी प्रकाश सुमारे एक तृतीयांशाने घटतो. मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तेवढं पुरे!

तपासणी सोपी आहे. बॅटरीच्या ऋण टोकापासून एक लांब तार थेट ट्रॉलीच्या सांगाड्याला, रंग खरवडलेल्या जागी टेकवावी. दिवा लख्ख झाला, तर बल्ब घ्यायला बाजारात जाऊ नका. पांढरी तार जोडा.