टर्बोचा खर्च गॅरेजच्या बिलावर संपत नाही

गटाच्या बैठकीत कर्जाची मागणी आली की कारण शेळीचं असो, शिलाई मशीनचं असो नाहीतर पोरीच्या फीचं, ते आम्हाला चटकन समजतं. अलीकडे मात्र गाड्यांची कारणं वाढली आहेत. मुलाची गाडी भाड्यावर चालते, तिला टायर हवेत, वर कॅरिअर हवा. त्यातच एका ताईंचा एक लाखाचा अर्ज आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'टर्बो बसवणे'. ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "घाटात गाडी दम टाकते म्हणतो. टर्बो बसवला की पळेल." पैसे सगळ्यांचे, तेव्हा समजून घेतल्याशिवाय सही कशी करायची? म्हणून आम्ही चौकशी केली. तीच आज सांगत आहोत.

इंजिन म्हणजे एका अर्थी चूलच. आत पेट्रोल जळतं आणि जळायला हवा लागते. साधं इंजिन हवा स्वतः ओढून घेतं, मावेल तेवढीच. टर्बो ही त्या चुलीची फुंकणी. फरक एवढाच की ती माणूस फुंकत नाही. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चाक फिरतं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक चाक असतं, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. ही चाकं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतात. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनियरने १९०५ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं. आजच्या बहुतेक डिझेल गाड्यांना आणि बऱ्याच पेट्रोल गाड्यांना टर्बो कंपनीतूनच बसवून येतो. त्या गाड्यांबद्दल आमची काही तक्रार नाही. प्रश्न आहे तो मागाहून बसवण्याचा.

फुंकणी मारली की लाकूड भराभर जळतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बाहेरच्या हवेच्या दाबात आणखी निम्मा दाब घातला तर इंजिनात जवळपास दीडपट हवा जाते. मग पेट्रोलही त्याच मापात वाढायला हवं. म्हणजे इंजेक्टर मोठे, पेट्रोल पंप जास्त ताकदीचा, आणि किती पेट्रोल सोडायचं हे ठरवणाऱ्या गाडीच्या कॉम्प्युटरची नव्याने जुळणी. ही जुळणी चुकली आणि पेट्रोल कमी पडलं, तर आतली उष्णता इतकी वाढते की पिस्टन वितळू शकतो.

हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं, तसंच. ती थंड करायला पुढे वेगळा रेडिएटर लागतो, त्याला इंटरकूलर म्हणतात. टर्बोच्या दांड्याला सतत ऑइल लागतं, त्याच्या नळ्या आल्या. धूर टर्बोकडे वळवायला नवा मॅनिफोल्ड आला. आणि मुख्य गोष्ट अशी, की साध्या पेट्रोल इंजिनात हे मिश्रण आधीच दहापट किंवा थोडं जास्त दाबलं जातं. त्यात आणखी हवा कोंबली तर पेट्रोल वेळेआधीच भडकतं, इंजिन ठोकायला लागतं, हेड गॅस्केट उडतं. कंपनी टर्बो देते तेव्हा पिस्टनपासून सगळं त्या हिशोबानं बनवते. आपल्या गाडीत ते नसतं. जास्तीची ताकद पुढे क्लच प्लेटवर येते, आणि पळणारी गाडी थांबवायला ब्रेक जुनेच. ताईंच्या मुलाने आणलेल्या कागदावर मात्र फक्त किट आणि मजुरी होती.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. मान्यताप्राप्त सीएनजी किटसारख्या गोष्टींना सूट आहे, पण तीही आरसी बुकावर चढवून घ्यावी लागते. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. भाड्याच्या गाडीला तर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. तिथे बॉनेट उघडलं की झालं.

विम्याचं आम्हाला सगळ्यात जास्त भय वाटतं. न कळवता इंजिनात बदल केला असेल तर अपघातानंतर कंपनी दावा नाकारू शकते. गाडीत चार प्रवासी आहेत आणि विमा हात वर करतोय, हे डोळ्यांसमोर आणा. तो बोजा एका पोरावर राहत नाही, घरावर येतो. गाडी वॉरंटीत असेल तर तीही जाते.

पैशाचं बघू. एक लाख कर्ज, शेकडा दोन व्याज, दरमहा ५,००० मुद्दल असे वीस हप्ते. घटत्या बाकीवर व्याज होतं २१,०००. गाडी पंधरा दिवस गॅरेजला उभी राहिली आणि रोज हजार रुपये सुटत असतील, तर आणखी १५,००० बुडाले. गाडीच्या मूळ कर्जाचा हप्ता काही त्या दिवसांत थांबत नाही. म्हणजे क्लच, गॅस्केट, दंड काही न धरताही लाखाचे १,३६,००० झाले. आणि टर्बो बसवला म्हणून भाडं वाढवून कोण देणार? प्रवासी किलोमीटरचे पैसे देतो. उलट तो जोर वापरला की पेट्रोल जास्त जातं.

हे सगळं आम्ही बैठकीत त्या मुलाला बोलावून, त्याचा मान ठेवून सांगितलं. तो आधी रुसला. पोरांना वाटतं बायकांना गाडीतलं काय कळतं! मग आम्ही विचारलं, घाटात दम लागतो तो पहिल्यापासून की अलीकडे? म्हणाला, वर्षभरापासून. तर आधी एअर फिल्टर, प्लग, इंजेक्टर साफ आहेत का, क्लच घसरतो का, टायरमध्ये हवा किती, हे बघायला नको का? दुसऱ्या गॅरेजला दाखवलं. क्लच प्लेट झिजलेली निघाली आणि फिल्टर मातीने भरलेला. ताईंनी लाखाचा अर्ज मागे घेतला आणि १२,००० चा दिला. तो त्याच बैठकीत मंजूर झाला. आता सातवा हप्ता चालू आहे.

गाडीच्या कामासाठी अर्ज आला तर आम्ही आता पूर्ण खर्चाचं लेखी अंदाजपत्रक, आरसी बुकाची प्रत आणि विम्याचा कागद मागतो. काम इंजिनातल्या बदलाचं असेल तर आरटीओची परवानगीही. तुमच्या गटात असा अर्ज आला तर हे कागद बैठकीच्या आधी मागवा, म्हणजे बैठकीत वाद होत नाही.