विद्यापीठाचे नियोजन आणि आपला तालुका

भोर-वेल्ह्याच्या माणसाला नियोजन म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. भाटघरचे धरण आपल्या तालुक्यात, पण नीरेच्या कालव्यांनी पाणी जाते बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे. पानशेत, वरसगाव वेल्ह्याच्या डोंगरात, पण पाणी पुण्याच्या नळाला. हे पाणी आपोआप तिकडे गेलेले नाही. कोणीतरी बसून कागदावर आखणी केली, मग पाणी गेले.

उच्च शिक्षणाचेही तसेच आहे. महाविद्यालय कोठे निघणार, कोणती शाखा सुरू होणार, पैसा कशावर खर्च होणार, हे आधी कागदावर ठरते. तो कागद कोण लिहितो आणि आपण त्यात कोठे बसतो, हे सभासदांनी व विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपले विद्यापीठ १० फेब्रुवारी १९४९ रोजी स्थापन झाले. बॅ. मुकुंदराव जयकर हे पहिले कुलगुरू. सुरुवातीला कार्यक्षेत्र बारा जिल्ह्यांचे होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आणि १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले, तसे ते आटत गेले. आज पुणे, अहिल्यानगर व नाशिक हे तीन जिल्हे त्यात आहेत. २०१४ पासून विद्यापीठाला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे.

बृहत् आराखडा

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. तो अधिष्ठाता मंडळ तयार करते. पुढे विद्यापरिषद, व्यवस्थापन परिषद व अधिसभा या पायऱ्या चढून तो राज्याच्या उच्च शिक्षण व विकास आयोगाकडे मंजुरीला जातो. सध्याचा आराखडा २०२४ ते २०२९ या काळाचा आहे. त्याला धरून दरवर्षी वार्षिक आराखडा निघतो. आराखड्यात स्थळबिंदू नसेल तर संस्था कितीही मोठी असो, तेथे नव्या महाविद्यालयाचा अर्ज पुढे सरकत नाही. बिंदू असेल तर अर्ज, विद्यापीठाची शिफारस, शासनाचे इरादापत्र, अंतिम मान्यता आणि शेवटी संलग्नता, असा क्रम असतो.

कायद्यातले एक वाक्य आपल्यासाठी महत्त्वाचे आहे. उच्च शिक्षणाच्या सोयींचे वाटप समन्यायी असावे आणि जेथे सोय पोहोचलेली नाही अशा व अविकसित भागांच्या गरजांकडे विशेष लक्ष द्यावे, असे कलम १०७ सांगते. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय २०२४ मध्ये झाला. नाव बदलले तरी डोंगर तेच आहेत आणि एस.टी.ची वाट पाहणारी मुलेही तीच आहेत. त्यांच्यासाठी हे कलम आहे.

पैसा कोठून येतो?

मी बँकेत कारकून आहे, म्हणून खातेवहीच्या भाषेत सांगतो. जमेच्या बाजूला मुख्य रकमा तीन. मंजूर पदांच्या वेतनासाठी राज्य शासनाचे अनुदान, परीक्षा व संलग्नतेचे शुल्क, आणि संशोधन व विकासासाठी केंद्राकडून मिळणारा निधी. वेतनाचे अनुदान वेतनालाच जाते, ते दुसरीकडे वळवता येत नाही. म्हणजे नव्या कामाला हात मोकळा राहतो तो उरलेल्या रकमेपुरता. त्यातूनच वसतिगृह, ग्रंथालय, 'कमवा व शिका' योजना, विद्यार्थी साहाय्य यांची तरतूद करायची असते. अंदाजपत्रक वित्त व लेखा समितीतून व्यवस्थापन परिषदेकडे आणि तेथून अधिसभेपुढे येते.

केंद्राच्या पैशाला अटी असतात. २०१३ मध्ये 'रुसा' योजना आली, २०२३ पासून ती 'पीएम-उषा' झाली. अशा योजनांत मूल्यांकनाला, म्हणजे 'नॅक'च्या श्रेणीला वजन असते. येथे डोंगरी भागाची अडचण होते. प्राध्यापकांची पदे रिकामी, म्हणून श्रेणी खाली. श्रेणी खाली, म्हणून निधी कमी. निधी कमी, म्हणून सोयी कमी. बँकेत तारण असणाऱ्यालाच कर्ज मिळते, त्यातला हा प्रकार. शिवाय नवी महाविद्यालये गेली अनेक वर्षे बहुधा विनाअनुदानित तत्त्वावरच मंजूर होतात. म्हणजे आराखड्यात गाव आले तरी फीचा भार पालकाच्याच डोक्यावर. केवळ बिंदू मागून भागत नाही. त्याबरोबर वसतिगृह, शिष्यवृत्ती व बसची सोयही मागावी लागते.

हा प्रश्न जुना आहे

१८८२ मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे हेच मांडले होते. सरकारी महसूल रयतेच्या घामाचा, पण शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गाला, अशी त्यांची तक्रार होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलताना मागासवर्गीयांना सिनेटमध्ये प्रतिनिधित्व मागितले. निर्णय जेथे होतो तेथे आपला माणूस हवा, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले. मराठवाड्यात तेव्हा उच्च शिक्षणाची सोय फार तोकडी होती. सोय नसलेल्या भागाचा विचार म्हणजे काय, हे त्यांनी करून दाखवले.

आपण काय करावे?

अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून येतात. त्यांत पाच जागा राखीव असून अनुसूचित जातींसाठी एक आहे. मागील निवडणूक २०२२ मध्ये झाली. मुदत पाच वर्षांची. पण नुसती पदवी असून मत देता येत नाही, मतदार म्हणून नाव नोंदवावे लागते. मी स्वतः बी.ए. झाल्यावर कित्येक वर्षे नाव नोंदवले नव्हते. पदवीचा कागद ट्रंकेत जपून ठेवला आणि त्याचा हक्क मात्र वापरला नाही. ही चूक तुम्ही करू नका. आपल्या वस्तीतील पदवीधरांची यादी मंडळाने करावी आणि नोंदणी सुरू होताच अर्ज भरून द्यावेत.

दुसरे, पुढचा बृहत् आराखडा २०२९ पासूनचा असेल आणि त्याची तयारी त्याआधीच सुरू होईल. आपल्या गावांतून बारावी होणारी मुले-मुली किती, त्यांतली पुढे शिकतात किती, थांबतात किती व का, ही माहिती विद्यार्थ्यांनी वहीत लिहून काढावी. नुसत्या निवेदनापेक्षा अशी वही टेबलावर ठेवली तर समोरच्याला उत्तर द्यावेच लागते.

धरणाच्या वेळी आपल्या आजोबा-पणजोबांना कोणी विचारले नाही. आता विचारण्याची सोय कायद्यात आहे. ती वापरायची की नाही, हे आपल्या हातात आहे.