इबोला: बऱ्या झालेल्यांचे रक्त

घरात कोणी तापाने फणफणले, की आपण कपाळावर हात ठेवतो, घाम पुसतो, उलटीने भरलेली चादर धुतो. इबोलाचा विषाणू नेमका याच मायेच्या वाटेने पसरतो. रुग्णाचे रक्त, उलटी, जुलाब यांच्या स्पर्शातून तो शुश्रूषा करणाऱ्याला गाठतो. मृतदेहाला अंघोळ घालणारेही सुटत नाहीत.

१९७६ मध्ये झैरेमधील, म्हणजे आजच्या काँगोमधील, यांबुकू गावी ही साथ आली. तेथील मिशन रुग्णालयात त्याच त्या सुया पुन्हा पुन्हा वापरल्या जात. ३१८ जणांना लागण झाली. त्यांपैकी २८० दगावले. डॉ. जाँ-जाक मुयेंबे यांनी तेथे हातमोजे न घालताच रुग्णांचे रक्त काढले आणि ते सुदैवाने बचावले.

१९९५ मध्ये किक्वित शहरात पुन्हा साथ आली. औषध नव्हतेच. मुयेंबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधा विचार केला. जो बरा झाला, त्याच्या रक्तात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे असणार! असे रक्त आठ रुग्णांना दिले. सात जण वाचले. पण रुग्ण मोजके आणि तुलनेसाठी दुसरा गट नाही. म्हणून हा ठोस पुरावा मानला गेला नाही. पुढे २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत अकरा हजारांहून अधिक माणसे गेली, तेव्हाही खात्रीचे औषध हाती नव्हते.

किक्वितमधून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तात मात्र दहा वर्षांनंतरही ती प्रतिपिंडे टिकून होती. त्यांतूनच एक औषध घडले. २०१८ मध्ये पूर्व काँगोत साथ भडकली असताना चार औषधांची तुलना झाली. हे औषध आणि प्रतिपिंडांचेच आणखी एक, अशी दोन सरस ठरली. ती दिलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश रुग्ण दगावले. मात्र शरीरात विषाणू कमी असताना उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण दहात एकाच्या आसपास होते. म्हणजे लवकर येणे महत्त्वाचे. पण उपचार केंद्रात गेलेला परत येत नाही, या धास्तीने लोक आजार लपवत.

ही औषधे इबोलाच्या झैरे या प्रकारावरच चालतात. इतर प्रकारांसाठी शोध चालूच आहे.

त्याच साथीत बऱ्या झालेल्या बायका रुग्णांच्या तान्ह्या मुलांना सांभाळत होत्या. रोगाने त्यांना प्रतिकारशक्ती दिली होती. जे मूल कुशीत घ्यायला इतरांचे हात कचरत, ते त्या निर्धास्त उचलून घेत.