दि. बा. पाटील : कुलाब्याचा खासदार

दिनकर बाळू पाटील ऊर्फ दिबा यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई येथे शेतकरी कुटुंबात झाला. वकील होऊन ते शेतकरी कामगार पक्षात (शेकाप) आले आणि १९५७ मध्ये पनवेलचे आमदार झाले. पुढच्या तिन्ही निवडणुकांत पनवेलने त्यांनाच निवडले. १९७२ नंतर विधानसभेतील विरोधी पक्षनेतेपदही त्यांच्याकडे होते.

आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या निवडणुकीत ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेत गेले. त्या वर्षी शेकापचे पाच खासदार महाराष्ट्रातून निवडून आले. १९८० मध्ये कुलाबा काँग्रेसकडे गेला आणि दिबा पुन्हा पनवेलचे आमदार झाले.

त्यांच्या राजकारणाचा गाभा मात्र जमिनीचा होता. १९७० मध्ये सिडको या शासकीय नगरविकास महामंडळाची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण पट्ट्यातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. भातशेती आणि मिठागरांवर जगणाऱ्या आगरी-कोळी कुटुंबांना मिळणारा मोबदला तुटपुंजा होता. त्याच जमिनीवर उभ्या राहणाऱ्या शहराच्या वाढत्या किमतीत त्यांना काहीच वाटा नव्हता. नेमका हा वाटा दिबांनी मागितला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरातील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे धोरण या लढ्यातून आकाराला आले. पुढे देशात भूसंपादनाचा वाद निघाला की या धोरणाचा दाखला दिला जाऊ लागला.

१९८४ च्याच डिसेंबरात झालेल्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची सहानुभूतीची लाट होती. काँग्रेसने महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा घेतल्या. कुलाब्याने मात्र दिबांना निवडले आणि लोकसभेत शेकापचे ते एकटेच उरले. एका खासदाराच्या पक्षाला सभागृहात बोलायला वेळ तो कितीसा मिळणार? त्यामुळे त्यांचा प्रभाव दिल्लीपेक्षा पनवेल-उरणच्या रस्त्यावरच अधिक दिसला. १९८९ मध्ये ही जागा अ. र. अंतुले यांनी काँग्रेसकडे नेली.

उतारवयात दिबा शेकाप सोडून शिवसेनेत गेले. अनेक जुन्या सहकाऱ्यांना हे रुचले नाही, आणि या पक्षांतराने त्यांच्या राजकारणात फारशी भरही पडली नाही. २४ जून २०१३ रोजी त्यांचे निधन झाले.

नवी मुंबई विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा प्रकल्पग्रस्तांनी दिबांच्या नावाचा आग्रह धरला आणि २४ जून २०२१ रोजी, त्यांच्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनावर धडक दिली. अखेर जून २०२२ मध्ये उद्धव ठाकरे यांच्याच मंत्रिमंडळाने दिबांचे नाव मान्य केले. पुढच्याच महिन्यात नव्या सरकारने तो निर्णय पुन्हा घेतला.